आपल्या क्रियापदांच्या वाटेने इंग्रजीकडे
इंग्रजी वाक्प्रचार आणि फ्रेजल व्हर्ब यांच्या अध्यापनाचा वऱ्हाडातून घेतलेला आढावा

इंग्रजीतले साधे वाक्य द्यायचे आणि तेच वाक्प्रचार किंवा फ्रेजल व्हर्ब वापरून पुन्हा लिहायला सांगायचे, हा प्रश्न मराठी माध्यमात शिकलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी सोडवलेला असतो. ‘द मीटिंग वॉज पोस्टपोन्ड’चे ‘द मीटिंग वॉज पुट ऑफ’ करायचे, ‘ही टॉलरेट्स द नॉइज’चे ‘ही पुट्स अप विथ द नॉइज’ करायचे. उत्तर बरोबर आले की गुण मिळतात, पण परीक्षा संपल्यावर त्यातले फारच थोडे तोंडी राहते. शाळेत पाच-सात वर्षे ‘पुट ऑफ’, ‘पुट आउट’, ‘पुट अप विथ’ यांच्या याद्या पाठ केलेला पदवीधर मुलाखतीत बसला की त्यातले एकही क्रियापद त्याच्या मदतीला येत नाही.

वर्धा नदीच्या काठी, अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात असलेले कौंडण्यपूर रुक्मिणीचे माहेर म्हणून महाराष्ट्राला माहीत आहे. कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवणाऱ्या या पट्ट्यातली मुले शाळा-कॉलेज संपवून स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागतात, तेव्हा इंग्रजीचा हा भाग त्यांना सर्वांत परका वाटतो. तो इतका परका का वाटतो, आजवर तो कसा शिकवला गेला, जगभरच्या अभ्यासातून काय कळले आहे आणि वऱ्हाडातल्या मुलाला त्याची सर्वांत सोपी वाट कोणती, याचा हा आढावा आहे. माझे म्हणणे एका वाक्याचे आहे: ही वाट मुलाच्या स्वतःच्या क्रियापदांतून जाते आणि ती आपण आजवर वापरलेलीच नाही.

परीक्षेतले स्थान

दहावीच्या तृतीय भाषा इंग्रजीच्या पेपरात दिलेला वाक्प्रचार घेऊन अर्थपूर्ण वाक्य करायला सांगितले जाते. लोकसेवा आयोगाच्या अराजपत्रित सेवांच्या संयुक्त मुख्य परीक्षेच्या अभ्यासक्रमात इंग्रजीच्या घटकांमध्ये वाक्प्रचारांचा उपयोग आणि त्यांचा अर्थ यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. 2023 च्या तलाठी भरतीत 100 प्रश्नांपैकी 25 इंग्रजीचे होते. बँका आणि केंद्र सरकारच्या नोकऱ्यांच्या परीक्षांतही वाक्प्रचारांचा अर्थ आणि वाक्यातला योग्य पर्याय यांवर प्रश्न असतात. एकेका गुणावर नाव यादीत येते किंवा राहून जाते, त्यामुळे हा भाग सोडून देणे कोणालाच परवडत नाही.

या परीक्षांचा एक परिणाम मात्र घातक झाला आहे. बहुपर्यायी प्रश्नात चार अर्थांतून एक ओळखायचा असतो. ओळखण्यासाठी यादी पाठ केली तरी भागते, पण वाक्य करण्यासाठी, बोलण्यासाठी आणि अर्ज लिहिण्यासाठी ती पुरत नाही. शिकवणे परीक्षेच्या मागे गेले आणि वाक्य पुन्हा लिहिण्याची मूळ कसरत फक्त जोड्या लावण्यावर येऊन थांबली. याद्यांमध्येही फार जुने सामान भरलेले असते. मुसळधार पावसासाठी मांजरी आणि कुत्री पडण्याचा इंग्रजी वाक्प्रचार आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक मार्गदर्शकात सापडतो, पण आजच्या इंग्रजी बोलण्यात तो क्वचितच येतो. उलट रोज लागणारी ‘फाइंड आउट’, ‘कॅरी ऑन’, ‘सेट अप’, ‘टर्न आउट’ ही क्रियापदे सोपी समजून घाईने उरकली जातात.

दोन शतकांची वाट

मराठी माणसाने इंग्रजी शिकायला सुरुवात केली तेव्हा कोशाचा आधार फार मोठा होता. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये आला आणि त्याची वाढवलेली आवृत्ती 1857 मध्ये निघाली. मोल्सवर्थने सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश मेजर कँडीने पुरा केला, तो 1847 मध्ये. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाले आणि इंग्रजी ही नोकरीची व प्रतिष्ठेची भाषा ठरली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी तिला वाघिणीचे दूध म्हटले.

शाळेतल्या मुलांना हे दूध पचवायला शिकवले ते तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनी. पद्धत सरळ होती. एक नियम, थोडे शब्द, मग मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतराची वाक्ये. आज ही पद्धत जुनाट म्हणून बाजूला सारली जाते, पण तिच्यात एक शहाणपण होते. मुलाला आधी मराठी वाक्याचा पूर्ण अर्थ मनात आणावा लागे आणि मगच इंग्रजी वाक्य शोधावे लागे. त्यानंतर रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण आले. त्यातला रेन भारतीय शिक्षण सेवेत होता आणि पुढे ‘बो जेस्ट’ या कादंबरीमुळे प्रसिद्धी पावला. या पुस्तकाने वाक्यरूपांतराची शिस्त घालून दिली. कर्तरीचे कर्मणी कसे करायचे, होकारार्थीचे नकारार्थी कसे करायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या त्यातूनच शिकल्या. पण ते पुस्तक सगळ्या भारतासाठी होते, मराठी वाक्याशी त्याची गाठ नव्हती.

वऱ्हाड 1853 च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. अमरावती आणि अकोल्याला सरकारी हायस्कुले उभी राहिली, 1923 मध्ये अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज निघाले, तेच पुढे विदर्भ महाविद्यालय झाले. या प्रांताने इंग्रजीवर हुकमत असलेली मोठी माणसे दिली. अमरावतीचे वकील आणि लोकमान्यांचे सहकारी दादासाहेब खापर्डे यांनी वर्षानुवर्षे आपली रोजनिशी इंग्रजीत लिहिली. 1898 मध्ये पापळ गावात शेतकरी कुटुंबात जन्मलेले पंजाबराव देशमुख एडिनबरो आणि ऑक्सफर्डला गेले आणि वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर इंग्रजीत प्रबंध लिहून डॉक्टर झाले. या दोघांनी इंग्रजी कमावली ती वापराच्या बळावर. रोज कोणी आले-गेले, कोणाचे काम पुढे ढकलले, कोणाची समजूत काढली, हे सगळे इंग्रजीत लिहिणाऱ्या माणसाला फ्रेजल व्हर्बची यादी लागत नाही, कारण त्याचा दिवसच त्या क्रियापदांनी भरलेला असतो.

स्वातंत्र्यानंतर संरचना पद्धती आली, मग संवादावर भर देणारी पाठ्यपुस्तके आली. वर्गात मराठीचा वापर हा दोष मानला जाऊ लागला. 2000 मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. इंग्रजीशी ओळख लवकर होऊ लागली हे खरे. पण मराठी बाजूला ठेवून इंग्रजी शिकवण्याच्या नादात, दोन भाषांच्या क्रियापदांची तुलना करण्याची तर्खडकरी सवयही सुटली. वाक्प्रचारांच्या बाबतीत हे नुकसान सर्वांत मोठे आहे.

जगभरच्या अभ्यासातून काय कळते

ही अडचण फक्त आपली नाही. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत सांगून ठेवले आहे की क्रियापदाला छोटासा शब्द जोडून अर्थ बदलण्याची इंग्रजीची सवय परक्या माणसाला सर्वांत जास्त छळते. ‘फ्रेजल व्हर्ब’ ही संज्ञा 1925 मध्ये लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकातून रुळली. ती सुचवल्याचे श्रेय त्यांनी हेन्री ब्रॅडली यांना दिले.

1985 मध्ये डॅगट आणि लॉफर यांनी हिब्रू बोलणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. हे विद्यार्थी फ्रेजल व्हर्ब टाळून एकशब्दी क्रियापद निवडतात असे त्यांना आढळले. हिब्रूत अशी रचना नाही, हे त्यांनी दिलेले कारण. 1989 मध्ये हुलस्टेन आणि मार्चेना यांनी डच विद्यार्थ्यांकडे पाहिले. डच भाषेत अशी क्रियापदे भरपूर आहेत, तरी ज्यांचा अर्थ लाक्षणिक आहे आणि जी डचसारखीच दिसतात ती क्रियापदे हे विद्यार्थी टाळत होते. आपल्या भाषेतले इतके जसेच्या तसे इंग्रजीत असेल कसे, असा त्यांना संशय येत होता. या दोन अभ्यासांतून शिक्षकासाठी एक गोष्ट निघते. मातृभाषा या शिक्षणात मदतही करते आणि अडथळाही आणते; तिला वर्गाबाहेर ठेवून दोन्हीपैकी काहीच हाताळता येत नाही.

मग शिकवायचे किती? गार्डनर आणि डेव्हिस यांनी 2007 मध्ये दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पसची छाननी केली. सर्वाधिक वापरली जाणारी शंभर फ्रेजल व्हर्ब्जच त्यातल्या एकूण वापरापैकी निम्म्याहून थोडा अधिक भाग व्यापतात असे त्यांना दिसले. पुढे 2015 मध्ये गार्निये आणि श्मिट यांनी 150 फ्रेजल व्हर्ब्जची यादी काढली आणि प्रत्येकाचे खरोखर वापरात असलेले प्रमुख अर्थ तेवढे दिले, सरासरी दोनच. आपल्या मार्गदर्शकांत हजार-दीड हजार वाक्प्रचार छापलेले असतात. त्यातले 150 नीट पक्के केले तर खेड्यातल्या मुलाचे ओझे किती हलके होईल, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने करावा.

मराठीची बाजू: जोड क्रियापदांचे घर

आता मूळ मुद्दा. हिब्रूत अशी रचना नाही म्हणून तिथली मुले अडली. मराठीचे काय? क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’, ‘डाउन’ असे शब्द मराठी जोडत नाही. पण तेच काम मराठी दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेते. आपण याला संयुक्त क्रियापद म्हणतो आणि शाळेत मराठीच्या तासाला व्याख्या लिहून सोडून देतो.

‘टाकणे’ पाहा. देऊन टाकले म्हणजे ‘गेव्ह अवे’, कर्ज फेडून टाकले म्हणजे ‘पेड ऑफ’, खाऊन टाकले म्हणजे ‘एट अप’, नाव पुसून टाकले म्हणजे ‘वाइप्ड आउट’. काम संपवले, आता मागे काही उरले नाही, हा भाव ‘टाकणे’ आणते. इंग्रजीत तोच भाव ‘ऑफ’, ‘अप’ आणि ‘आउट’ आणतात.

‘जाणे’ स्थिती पूर्ण बदलल्याचे सांगते. घर जळून गेले: ‘बर्न्ट डाउन’. विहीर आटून गेली: ‘ड्राइड अप’. ‘देणे’मध्ये सोडण्याचा, दूर करण्याचा भाव आहे. नाद सोडून दिला: ‘गेव्ह अप’. गुरे हाकलून दिली: ‘ड्रोव्ह अवे’. ‘घेणे’ काम आपल्याकडे आणते. पत्ता लिहून घेतला: ‘टुक डाउन’. वैद्याला बोलावून घेतले: ‘सेंट फॉर’. ‘ठेवणे’ पुढच्यासाठी राखते. बियाण्यापुरते पैसे बाजूला काढून ठेवले: ‘पुट असाइड’.

‘काढणे’ तर इंग्रजीच्या अगदी शेजारी बसते. शोधून काढणे म्हणजे ‘फाइंड आउट’. उकरून काढणे म्हणजे ‘डिग अप’. गंमत अशी की मराठीत जसे भुईमुगाच्या शेंगा उकरून काढतात आणि जुने भांडणही उकरून काढतात, तसे इंग्रजीतही बटाटे आणि जुन्या गोष्टी दोन्ही ‘डिग अप’ होतात. शब्दाचा साधा अर्थ आणि लाक्षणिक अर्थ दोन्ही भाषांत एकाच वाटेने गेले आहेत. हे ज्या मुलाला एकदा दिसले त्याला ‘डिग अप’ पाठ करावे लागत नाही.

ही जुळणी एकास एक नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ‘बर्न डाउन’ आणि ‘बर्न अप’ दोन्हींना मराठीत जळून जाणे म्हणता येते. ‘टर्न आउट’ला कधी ‘निघणे’, कधी ‘ठरणे’, कधी ‘जमणे’ लागते. म्हणून ‘टाकणे’ म्हणजे ‘ऑफ’ असा तक्ता करणे चुकीचे ठरेल. मुलाला शिकवायचे ते इतकेच की मुख्य क्रियापदामागे येणारा छोटा शब्द अर्थ पुरा करतो, वळवतो किंवा पक्का करतो, आणि ही युक्ती तो स्वतः रोज शंभर वेळा वापरतो.

मराठीच्या आणखी एका ओळखीतून इंग्रजीची गोडी लागते. मराठीत ‘स्थगित करणे’ आणि ‘पुढे ढकलणे’, ‘सहन करणे’ आणि ‘खपवून घेणे’ अशा जोड्या आहेत. पहिला शब्द संस्कृतातून आलेला, कागदावरचा, दुसरा घरातला. इंग्रजीतही तेच आहे. ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’, ‘एक्स्टिंग्विश’ हे लॅटिनकडून आलेले भारदस्त शब्द. ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘पुट आउट’ हे बोलीतले. वाक्य पुन्हा लिहिण्याचा खरा अभ्यास म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरात जाणे. कुठे कोणते शोभेल हे कळले की तो अभ्यास पुरा झाला.

वऱ्हाडीचे वेगळेपण

प्रमाण मराठीवर लिहिलेली मार्गदर्शके वऱ्हाडात एका ठिकाणी हमखास घोटाळा करतात. प्रमाण मराठीत ‘तो बोलत राहिला’ म्हणजे थांबलाच नाही, ‘केप्ट ऑन स्पीकिंग’. वऱ्हाडात ‘तो बोलून राह्यला’ म्हणजे आत्ता बोलतो आहे, ‘इज स्पीकिंग’. ‘काय करून राह्यला रे?’ या प्रश्नात सतत करण्याचा काहीच भाव नाही. ‘पाणी येऊन राह्यलं’ म्हणजे पाऊस सुरू आहे, एवढेच. ‘राहणे’ म्हणजे ‘कीप ऑन’ किंवा ‘कॅरी ऑन’ असे ज्याला शिकवले, तो वऱ्हाडी मुलगा आपल्या घरातल्या साध्या वाक्याला इंग्रजीत चुकीचे वजन देतो. त्याला ‘कीप ऑन’ शिकवायचे असेल तर ‘बोलतच राह्यला’ हे वाक्य घ्यावे लागेल. त्यातल्या ‘च’वर सगळा अर्थ उभा आहे.

बोलीचा अभ्यास या प्रांतात झालेला आहे. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, 1905 मध्ये, वऱ्हाडीची नोंद झाली. अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ यांनी वऱ्हाडी म्हणींवर काम केले. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ आहे. पण ही सारी संपत्ती मराठीच्या कपाटात राहिली आणि इंग्रजीचा शिक्षक त्या कपाटाकडे गेला नाही.

दुसरीकडे फ्रेजल व्हर्बपासून झालेली नामे वऱ्हाडात केव्हाच रुळली आहेत. अमरावतीत जमिनीचे ‘लेआउट’ पडतात, कापूस ‘पिकअप’मधून जातो, डीपीवर ‘ब्रेकडाउन’ होतो, दवाखान्यात ‘चेकअप’ होते, भरतीचा ‘कटऑफ’ लागतो, मोबाइलवर ‘लॉग इन’ करून ‘बॅकअप’ घेतात, 2020 मध्ये ‘लॉकडाउन’ सगळ्या गावाने भोगले. या नामांना क्रियापद करायला शिकवले की अर्धा धडा झाला. ‘द ट्रान्सफॉर्मर ब्रोक डाउन’, ‘दे लेड आउट द प्लॉट्स’, ‘द ट्रक पिक्ड अप द कॉटन’.

फसवे सोबती

मातृभाषेची मदत घेताना तिचे धोकेही मुलांना दाखवले पाहिजेत. काही इंग्रजी वाक्प्रचार मराठीशी जुळे वाटतात आणि अर्थ वेगळाच निघतो.

‘पुल समवन्स लेग’ म्हणजे थट्टा करणे. आपले ‘पाय ओढणे’ म्हणजे वर जाणाऱ्याला खाली खेचणे. ‘कीप अॅन आय ऑन’ म्हणजे लक्ष ठेवणे, सांभाळणे. ‘डोळा ठेवणे’ म्हणजे हाव धरणे. ‘वॉश वन्स हँड्स ऑफ’ म्हणजे जबाबदारी झटकणे. ‘हात धुऊन घेणे’ म्हणजे संधी साधणे. इंग्रजी ‘हात धुणे’ मराठीत ‘हात झटकणे’ होते. याउलट ‘टर्न वन्स बॅक ऑन’ आणि ‘पाठ फिरवणे’, ‘पोक वन्स नोज इन्टू’ आणि ‘नाक खुपसणे’ खरोखर जुळतात. शिक्षकाने खऱ्या आणि फसव्या जोड्या शेजारी ठेवून दाखवाव्यात, मुले त्या विसरत नाहीत.

आपण स्वतः तयार केलेल्या चुकाही आहेत. ‘कोप विथ’च्या मध्ये आपण ‘अप’ घुसवतो. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ आणि ‘रिटर्न’नंतर ‘बॅक’ लावतो. कॉलेजातून ‘पास आउट’ झालो असे आपण सांगतो, तेव्हा परदेशी ऐकणाऱ्याला बेशुद्ध पडल्यासारखे वाटू शकते. वाक्य पुन्हा लिहिताना सर्वांत जास्त गुण जातात ते सर्वनामाच्या जागेवर. ‘पुट ऑफ द मीटिंग’ चालते, पण ‘मीटिंग’ऐवजी ‘इट’ आले की ‘पुट इट ऑफ’ म्हणावेच लागते. ‘लुक आफ्टर’ मात्र तुटत नाही, तिथे ‘लुक आफ्टर इट’च. आणि वाक्प्रचाराच्या आत हात घालता येत नाही. ‘कंबर कसली’च्या जागी ‘कंबर आवळली’ म्हटले की मराठी कान खटकतो. इंग्रजी वाक्प्रचारातले शब्दही तसेच बदलत नाहीत.

जेव्हा एक छोटा शब्द घर वाचवतो

हा विषय गुणांपुरता नाही, याचा वऱ्हाडाइतका पुरावा दुसरीकडे सापडणार नाही. बँकेच्या भाषेत ‘राइट ऑफ’ आणि ‘वेव’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘वेव’ म्हणजे माफी: केंद्राने 2008 मध्ये दिली ती, राज्याने 2017 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाच्या आणि 2019 मध्ये महात्मा फुल्यांच्या नावाच्या योजनेतून दिली ती. ‘राइट ऑफ’ म्हणजे वसूल होत नसलेले कर्ज बँकेने आपल्या ताळेबंदातून काढून टाकणे. कर्जदाराचे देणे त्याने संपत नाही, वसुली चालू राहते. बातमीत ‘राइट ऑफ’ वाचून कर्ज माफ झाले असे समजणारा शेतकरी निश्चिंत होतो आणि पुढे नोटीस आल्यावर हादरतो. ‘सेट ऑफ’ म्हणजे एका खात्यातले पैसे दुसऱ्या थकबाकीत वळते करून घेणे. तहसीलातली फाइल ‘पुट अप’ होते, चार्ज ‘हँड ओव्हर’ होतो, तक्रारीत ‘लुक इन्टू द मॅटर’ लिहावे लागते. शेतकऱ्याच्या घरातल्या शिकलेल्या मुलाला ही क्रियापदे नीट कळत असतील तर घराचे नुकसान टळते.

कौंडण्यपूरची गोष्ट, वर्गात

साधने आपल्याकडे आहेत. परक्या विद्यार्थ्यासाठी इंग्रजी कोश कसा असावा हे ए. एस. हॉर्नबी यांनी जपानी मुलांना शिकवताना ओळखले आणि 1942 मध्ये टोकियोत वाक्प्रचार व वाक्यरचनेचा कोश काढला. तोच पुढे ऑक्सफर्डचा विद्यार्थी कोश झाला. त्यात कोणते क्रियापद तुटते आणि कोणते नाही, हेही कळते. आज तो मोबाइलवर मिळतो. उरते ते गोष्टी निवडण्याचे काम. गोष्ट परकी नसावी, मुलाला तोंडपाठ असलेली असावी, म्हणजे त्याचे सगळे लक्ष भाषेकडे राहील.

कौंडण्यपूरच्या शाळेसाठी अशी गोष्ट तयार आहे. एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवराने ती घराघरात नेली. रुक्मीने बहिणीचे लग्न शिशुपालाशी ठरवले. तिने ते नाकारले: ‘शी टर्न्ड हिम डाउन’. भावापुढे नमली नाही: ‘शी स्टुड अप टु हर ब्रदर’. तिचा निरोप मिळताच कृष्ण निघाला: ‘ही सेट आउट अॅट वन्स’. अंबिकेच्या देवळाबाहेरून तो तिला घेऊन गेला: ‘ही कॅरिड हर ऑफ’. रुक्मी मागे धावला: ‘ही वेंट आफ्टर देम’. हरला तेव्हा बहिणीच्या विनवणीवरून कृष्णाने त्याचे केस कापून त्याला सोडले: ‘ही लेट हिम ऑफ’. हलक्या शिक्षेवर सोडणे हा ‘लेट ऑफ’चा नेमका अर्थ, तो या प्रसंगात जसा उतरतो तसा कुठल्या तक्त्यात उतरणार नाही. बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात, म्हणजे कौंडण्यपुरात, पाऊल ठेवणार नाही अशी रुक्मीची प्रतिज्ञा होती. तो परतला नाही, भोजकटातच राहिला. परंपरा भोजकट म्हणजे अमरावतीजवळचे भातकुली मानते. ‘ही डिड नॉट गो बॅक ऑन हिज वर्ड’. एका गोष्टीत सात क्रियापदे, आणि प्रत्येकाला प्रसंग, माणूस आणि भावना आहे.

दुसरा धडा आषाढीचा. कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला निघते, वाटेत माणसे सामील होतात, गावागावात मुक्काम पडतो. ‘सेट आउट’, ‘जॉइन इन’, ‘पास थ्रू’, ‘पुट अप फॉर द नाइट’, ‘गेट बॅक’. तिसरा धडा वावरातला. बी उगवून आले, तण उपटून टाकले, चारा संपला, मोटार बंद पडली, भाव खाली आले: ‘केम अप’, ‘पुल्ड आउट’, ‘रॅन आउट’, ‘ब्रोक डाउन’, ‘केम डाउन’. प्रत्येक धड्यात क्रम एकच ठेवावा. आधी मूल आपल्या बोलीत वाक्य सांगते, मग साध्या इंग्रजीत, मग फ्रेजल व्हर्ब घालून, आणि शेवटी तेच वाक्य तहसीलदाराला लिहायच्या अर्जात कसे असेल ते. चौथी पायरी सोडू नये. ‘पुट ऑफ’ करता येणाऱ्याला ‘पोस्टपोन’ कुठे लिहावे हेही कळलेच पाहिजे, नाहीतर वाक्यरूपांतर एकाच दिशेची सवय होऊन बसते.

निष्कर्ष

दोनशे वर्षांत आपण इंग्रजी वाक्प्रचार तीन रीतींनी शिकलो. भाषांतराने अर्थ दिला, पण बोलणे दिले नाही. व्याकरणाने शिस्त दिली, पण मराठीशी नाते जोडले नाही. संवादपद्धतीने बोलायला सांगितले, पण मराठीला वर्गाबाहेर उभे केले. तिन्हींतले चांगले घेऊन मुलाच्या जोड क्रियापदांपासून सुरुवात करणे हाच आता शहाणपणाचा मार्ग आहे.

त्यासाठी तीन गोष्टी हव्यात. पाठ्यपुस्तक मंडळाने इंग्रजीच्या पुस्तकांत फ्रेजल व्हर्बशेजारी मराठी संयुक्त क्रियापदांचे एक पान द्यावे. परीक्षा घेणाऱ्यांनी फक्त अर्थ ओळखायला न सांगता, दिलेल्या प्रसंगात कोणते वाक्य शोभेल हे विचारावे. आणि अमरावती जिल्ह्यातल्याच रिद्धपूरला सुरू झालेल्या मराठी भाषा विद्यापीठाने वऱ्हाडी जोड क्रियापदे आणि त्यांची इंग्रजी रूपे असा छोटा कोश हाती घ्यावा. मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यानंतर तिचे बळ दुसरी भाषा शिकायलाही वापरता येते हे त्यातून सिद्ध होईल.

शिक्षकांनी मात्र मंडळाची किंवा विद्यापीठाची वाट पाहू नये. उद्याच्या तासाला यादी बंद ठेवा, मुलांना त्यांच्या बोलीत पाच वाक्ये सांगू द्या आणि त्यांच्या ‘टाकला’, ‘गेला’, ‘काढला’ यांच्या मागे इंग्रजी शब्द शोधायला लावा. ज्या मुलाला वाटत होते की आपल्याला इंग्रजीतले काहीच येत नाही, त्याला कळेल की त्यातले पुष्कळसे त्याच्याजवळ आधीपासून होते.